नाटकात नसलेला कर्झन

कीचक आठवतोय ना? २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने चोप्रांचं 'महाभारत' परत दाखवलं तेव्हा ज्यांनी पाहिलं त्यांना आठवेलच. बाकीच्यांसाठी थोडी उजळणी. पांडव अज्ञातवासात आहेत, विराट राजाच्या पदरी वेष पालटून राहतायत. द्रौपदी 'सैरंध्री' होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करते. सुदेष्णेचा भाऊ कीचक हा सेनापती. नावाला राजा विराट, पण सत्ता सगळी ह्याच्या हातात. त्याची नजर सैरंध्रीवर पडते. त्याची बहीणच तिला मद्य आणायच्या निमित्ताने त्याच्या महालात पाठवते. ती कशीबशी निसटून राजसभेत धावत येते आणि कीचक तिला भर सभेत, राजासमोर लाथ घालतो. युधिष्ठिर 'कंक' होऊन तिथेच बसलाय. भीमही आहे. कोणी काही करत नाही. मग रात्री द्रौपदी एकटी उठते, 'बल्लव' नावाने आचारी झालेल्या भीमाला जाऊन जागं करते, आणि पुढच्या रात्री अंधाऱ्या नृत्यशाळेत कीचकाचा अक्षरशः गोळा होतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ही गोष्ट १९०७ साली रंगभूमीवर आणली. नाटकाचं नाव 'कीचकवध', करणारी संस्था महाराष्ट्र नाटक मंडळी. १९१० च्या सुरुवातीला मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली.

आता बघा. ही गोष्ट कीर्तनात होती, राजा रविवर्म्याच्या चित्रात होती, केरळात कथकलीच्या रंगमंचावर होती. त्यातल्या कशालाच सरकारने हात लावला नाही. खाडिलकरांच्या नाटकात एकही इंग्रज नाही, काँग्रेस नाही, वंगभंग नाही. सगळी पात्रं मुकुट घालून वावरणारी. तरीही सरकारला ते नाटक नको झालं, आणि खरं सांगायचं तर सरकारचं वाचन बरोबर होतं! बंदी चुकीची होती, वाचन नव्हे. मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त रस आहे तो ह्याच गोष्टीत.

साहित्यशास्त्रात ह्याला 'आंतरसंहितात्मकता' असा जीभ वळता वळणार नाही असा शब्द आहे. ज्यूलिया क्रिस्तेवा ह्या विदुषीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही संज्ञा वापरात आणली. मतलब साधा आहे: कुठलीही संहिता एकटी नसते, ती दुसऱ्या संहितांशी बोलत असते, आणि अर्थ त्या बोलण्यातून तयार होतो. आमच्या धंद्यातल्या लोकांना पॉइंटर म्हटलं की लगेच कळेल. कोडमधे फक्त पत्ता असतो, माल दुसरीकडेच असतो. संज्ञा १९६० च्या दशकातली असली तरी पुण्यातल्या पिटातल्या प्रेक्षकाला तो उद्योग १९०७ मधे उत्तम जमत होता.

प्रेक्षकांना काय दिसत होतं ह्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा गंमत म्हणजे शत्रुपक्षाकडून मिळतो. लंडनच्या 'टाइम्स'चा वॅलेंटाइन चिरोल. तोच तो, ज्याच्यावर टिळकांनी लंडनला जाऊन अब्रुनुकसानीचा खटला लावला आणि १९१९ मधे हरले. त्याचं 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक १९१० साली आलं. त्यात 'कीचकवध'च्या प्रयोगाचं वर्णन आहे. सारांश असा की नाटकात नाव कुठेही घेतलेलं नाही, पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल. कीचकाचे अत्याचार पाहताना पुरुषांचे ताणलेले चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे पाणावलेले डोळे आणि कीचक मेल्यावर सभागृहातून उठणारा समाधानाचा हुंकार, हे सगळं त्यात आहे. हे वर्णन नाटकावर बंदी कशी योग्य होती हे दाखवण्यासाठी छापलेलं आहे. पण एखाद्या मराठी नाट्यसमीक्षकानेही प्रेक्षकांकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं असेल का, मला शंका आहे.

बरं, खाडिलकरांना हा द्राविडी प्राणायाम का करावा लागला? सरळ लिहायचं ना! तर सरळ लिहिण्याची किंमत काय असते, हे 'केसरी'त काम करणाऱ्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

जून १८९७ मधे पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. तिथे अफझलखानाच्या वधावर चर्चा झाली: महाराजांनी खानाला मारलं ते पाप की पुण्य? टिळकांनी अध्यक्षस्थानावरून गीतेचा दाखला देऊन सांगितलं की स्वार्थासाठी न केलेल्या कृत्याचं पाप लागत नाही. १५ जूनच्या 'केसरी'त उत्सवाची हकीकत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता छापून आली. कवितेत महाराज जागे होतात आणि देशाची दशा पाहून हळहळतात. सात दिवसांनी, २२ जूनला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला.

ह्या खटल्याचा मुद्दा काय होता? सतराव्या शतकातला एक वध आणि एक कविता. म्हणजे हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची आणि नऊ ज्युरर बसून कवितेचं रसग्रहण करत होते! कवितेतला शिवाजी बोलतोय तो कोणाशी, मराठी शब्दाचं इंग्रजी भाषांतर बरोबर की चूक, खानाचा वध ही इतिहासाची चर्चा की आजची सूचना. बचाव पक्षाचं म्हणणं, हा दोनशे वर्षांपूर्वीचा विषय आहे. सरकारी पक्षाचं म्हणणं, दोनशे वर्षांपूर्वीचा विषय आजच का काढला? साहित्याच्या वर्गात सुद्धा ह्याहून वेगळं काही होत नाही, फक्त तिथे कोणी तुरुंगात जात नाही. सहा युरोपियन ज्युररनी दोषी म्हटलं, तीन हिंदी ज्युररनी निर्दोष. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. स्ट्रेचीसाहेबांनी ज्युरीला कायदा समजावताना 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव अशी व्याख्या केली, आणि ती पुढे अनेक वर्षं चेष्टेचा आणि भीतीचा विषय होऊन राहिली. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा!

नाटकवाल्यांची गोष्ट तर आणखी बिकट. त्यांच्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगांचा खास कायदा होता. तो बंगालमुळे आला. १८६० मधे दीनबंधू मित्रांच्या 'नीलदर्पण'ने निळीच्या मळेवाल्यांना उघडं पाडलं होतं, आणि १८७६ मधे युवराजाच्या कलकत्ता भेटीवरच्या एका प्रहसनाने सरकारचा संयम संपला. ह्या कायद्याखाली खटला लावायचीही गरज नाही. प्रयोगामुळे सरकारविषयी अप्रीती पसरेल असं प्रांतिक सरकारला 'वाटलं' की पुरे, हुकूम काढून नाटक बंद. ज्युरी नाही, रसग्रहण नाही. (हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कागदावर राहिला आणि संसदेने तो रद्द केला २०१८ च्या सुरुवातीला. घाई कशाला!)

तर समकालीन विषयावर नाटक म्हणजे थेट बंदी. शिवाजी महाराजांचा आडोसा १८९७ मधे फुटलेला. मग मागे मागे जात महाभारत गाठायचं. आणि अज्ञातवासाचीच गोष्ट निवडावी ह्यात एक खासगी धागाही असावा असं मला वाटतं. खाडिलकर स्वतः विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही काळ नेपाळात राहिले होते, बाहेरून कौलांचा कारखाना आणि आतून शस्त्रांचा बेत, असं त्यांच्या चरित्रात येतं. बेत फसला. पण दुसऱ्याच्या राज्यात, दुसराच धंदा करतोय असं भासवून राहणं काय असतं हे ह्या लेखकाला ऐकून माहीत नव्हतं.

आता कर्झनच का? १९०७ मधे कर्झन हिंदुस्थानात नव्हताच. १९०५ च्या नोव्हेंबरात तो गेला, त्याच्या जागी मिंटो आला. पण जाता जाता, १६ ऑक्टोबर १९०५ ला, त्याने बंगालचे दोन तुकडे केले होते. त्याआधी फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तो म्हणाला होता की सत्याला पाश्चात्त्यांच्या नीतिशास्त्रात पूर्वेपेक्षा वरचं स्थान मिळालं. समोर बसले होते नुकतेच पदवी घेतलेले बंगाली तरुण. ह्यावर 'अमृत बझार पत्रिके'ने दिलेलं उत्तर हा माझ्या मते आंतरसंहितात्मकतेचा सर्वोत्तम नमुना आहे. त्यांनी अग्रलेखात शिव्या घातल्या नाहीत. कर्झनच्याच जुन्या प्रवासवर्णनातला एक उतारा शोधून भाषणाच्या शेजारी छापला. त्यात साहेब मोठ्या कौतुकाने सांगतात की कोरियात वयाला मान असल्यामुळे तिथल्या मंत्र्याला मी माझं वय चाळीस सांगितलं (खरं वय तेहेतीस), आणि राणीच्या नात्यातला नाही हे ऐकून त्याचा विरस झालेला पाहिल्यावर, अजून लग्न झालेलं नाही अशी पुस्ती जोडली. दोन मजकूर शेजारी शेजारी, बस्स. टीका एका ओळीची नाही, आणि कायद्याने पकडायला काही जागाच नाही :)

खाडिलकरांनी हेच केलं, फक्त दुसरा मजकूर छापला नाही. तो प्रेक्षकांच्या डोक्यात होताच. नाटकातला कीचक सत्तेच्या मस्तीत राज्यकर्ते आणि दास ह्यांच्याविषयी जे बोलतो, ते पुराणातल्या राक्षसी माणसाला शोभतंच, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ते ओळखीचंही वाटत होतं. मालक तो मालक, गुलाम तो गुलाम. कर्झनला कीचक म्हणायचं काम नाटककाराने केलंच नाही, ते प्रेक्षकाने केलं. हजार माणसं एकाच क्षणी मनातल्या मनात एकच नाव घेतात, आणि प्रत्येकाला माहीत असतं की शेजारचाही तेच घेतोय. सभेतल्या भाषणात ही मजा नाही. भाषणात वक्ता सांगतो, इथे प्रत्येक जण स्वतः गुन्ह्यात भागीदार होतो.

पण मग सरकारला हे कळायला तीन वर्षं का लागली? १९०७ ते १९१० नाटक चालू होतं. मला वाटतं ह्याचं उत्तर नाटकात नाहीच. नाटकाचा मजकूर तोच राहिला आणि बाहेरचं जग बदललं.

वर्ष सरता सरता, डिसेंबर १९०७ मधे, सुरतेला काँग्रेस फुटली. व्यासपीठावर मराठी जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथ आणि फिरोजशहा मेहतांना लागला. म्हणजे धीर धरायला सांगणारा युधिष्ठिर आणि दात खाणारा भीम हे आता एका घरातले भाऊही राहिले नाहीत. (खाडिलकरांचं पुढचं नाटक १९०९ चं. विषय नारायणराव पेशव्यांचा खून, नाव 'भाऊबंदकी'. जास्त सांगायला नको.) जुलै १९०८ मधे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांना मंडालेला नेलं आणि 'केसरी'ची धुरा खाडिलकरांवर आली. आता 'कीचकवध'चा लेखक हा नुसता नाटककार नव्हता, सरकारच्या सगळ्यात नावडत्या वर्तमानपत्राचा संपादक होता. लेखकाचं नावसुद्धा संहितेचाच भाग असतं.

आणि मग २१ डिसेंबर १९०९. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन बदलीवर निघाले होते. त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ विजयानंद नाट्यगृहात प्रयोग होता, देवलांच्या 'शारदा'चा. जॅक्सन संस्कृतचे जाणकार, मराठी नाटकाला हौसेने आलेले. तिथे नाट्यगृहातच अनंत कान्हेऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. 'शारदा' हे जरठ-कुमारी विवाहावरचं नाटक, त्यात राजकारणाचा वासही नाही. पण एक इंग्रज अधिकारी मराठी नाटकाच्या खुर्च्यांमधे मरून पडला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच 'कीचकवध' बंद झालं. ह्या दोन गोष्टींचा संबंध सरकारी कागदात कसा मांडला गेला ह्यात मी शिरत नाही, पण रात्रीच्या अंधारात अत्याचाऱ्याला एकटं गाठून मारण्याच्या नाटकाकडे १९०७ मधला साहेब आणि जानेवारी १९१० मधला साहेब एकाच नजरेने पाहू शकत नव्हता, एवढं नक्की. १९०७ मधे भीम म्हणजे बहिष्कार, स्वदेशी, चळवळ असा अर्थ लावायला वाव होता. १९१० मधे भीमाच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल दिसायला लागलं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. शूर लेखक, चतुर प्रेक्षक, घाबरट सरकार. शाळेच्या पुस्तकात इथेच संपली असती. पण मला दोन गोष्टी खटकतात आणि त्या सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिली, युधिष्ठिराची. उसना घेतलेला संदर्भ त्याचं सगळं सामान घेऊन येतो. आपल्याला हवं तेवढंच उचलता येत नाही. मूळ कथेत धर्मराज गप्प बसतो तो भेकड म्हणून नाही. अट अशी आहे की तेराव्या वर्षात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. वर्ष संपायला थोडे दिवस उरलेत. तो हिशोब करतोय. त्याचा हिशोब निर्दय आहे, पण चूक नाही. आणि खरोखरच, कीचक मेल्याची बातमी हस्तिनापुरात पोहोचल्यावर त्याचं बळ गेलं म्हणून कौरव विराटावर चालून येतात. म्हणजे भीमाच्या कृत्याचे परिणाम व्यासांनी झाकून ठेवलेले नाहीत. आता हे सगळं घेऊन गोखल्यांकडे बघा. नाटकाने त्यांना कंक करून खिजवलं, पण कथा जाणणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात हा प्रश्नही आलाच असणार की बाबा, पण घाई केली तर पुन्हा बारा वर्षं त्याचं काय? मवाळांची बाजू मांडणारं वाक्य जहाल नाटककाराला गाळता आलं नाही, कारण ते नाटकात नव्हतंच, ते महाभारतात होतं. टिळक मंडालेत होते तेव्हा हा प्रश्न नुसता तात्त्विकही राहिला नव्हता.

दुसरी गोष्ट द्रौपदीची, आणि ही मला जास्त बोचते. विराटपर्वात सगळ्यात जास्त कर्तृत्व कोणाचं असेल तर तिचं. सभेत ती राजाला जाब विचारते. नवऱ्याला टोमणा मारते. रात्री भीमाकडे जाते, त्याला सगळी जुनी दुःखं मोजून दाखवते, चंदन उगाळून घट्टे पडलेले हात दाखवते. कीचकाला नृत्यशाळेत बोलावण्याचा निरोप तीच देते. आणि काम झाल्यावर पहारेकऱ्यांना बोलावून प्रेतही तीच दाखवते. पण एकदा का द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान असं समीकरण झालं, की मग ती बाई राहत नाही. तिचा अपमान हा देशाचा अपमान होतो आणि तिच्यासाठी प्रश्न एवढाच उरतो की सोडवणार कोण, मवाळ की जहाल? त्या काळी रंगमंचावर ती भूमिका करायलाही बाई नव्हती, पुरुषच लुगडं नेसून उभा राहायचा. प्रेक्षागृहात मात्र बायका होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं त्या साहेबी वर्णनातच आहे. त्या कोणासाठी रडत होत्या? हिंदुस्थानसाठी, असं तो साहेब लिहितो. त्याला काय माहीत! बहिणीनेच भावाच्या खोलीत पाठवलेली, नवऱ्यादेखत लाथ खाल्लेली बाई पाहून एखादीला कर्झन न आठवता घरातलाच कोणी आठवला असेल, तर ते वाचन कुठल्याही सरकारी फायलीत नोंदलं गेलेलं नाही. प्रतीकाचा एक अर्थ फार मोठ्याने बोलायला लागला की बाकीचे अर्थ ऐकू येत नाहीत.

असो. नाटकाकडून सिनेमाकडे.

मूकपटांना तर दुसऱ्या संहितेवर टेकल्याशिवाय पर्यायच नव्हता. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. पाट्या वाचता येणारा प्रेक्षक मूठभर, आवाज नाही, मग गोष्ट कळणार कशी? ती आधीच माहीत असेल तर! पौराणिक सिनेमांची जी लाट आली तिच्यामागे भक्तीइतकंच हे व्यावहारिक कारण आहे. दक्षिणेत नटराज मुदलियारांनी १९१० च्या दशकाच्या अखेरीस पहिला मूकपट केला तो 'कीचकवधम्'. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मोठा चित्रपट काढला तो १९२० मधे, 'सैरंध्री'. टिळकांनी तो पाहून पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले. ज्या कथेच्या नाटकावर ते मंडालेत असताना बंदी आली, ती पडद्यावर पाहायला मिळाली म्हणायची.

सरकारही शिकत होतं. १९१८ मधे सिनेमाचा कायदा आला, १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगूनला सेन्सॉर बोर्डं बसली. आणि लगेच १९२१ मधे कोहिनूर कंपनीचा 'भक्त विदुर' आला. दिग्दर्शक कांजीभाई राठोड, विदुराच्या भूमिकेत कंपनीचे मालक द्वारकादास संपत. पुन्हा महाभारतच, धृतराष्ट्राच्या दरबारात सत्य बोलणारा विदुर. फक्त विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी आणि अंगात खादी! कराचीला आणि मद्रासेत बंदी आली. कराचीच्या अधिकाऱ्याने स्पष्टच नोंदवलं की हा विदुर म्हणजे सरळ गांधी आहेत.

'कीचकवध' आणि 'भक्त विदुर' ह्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. खाडिलकरांनी कीचकाला हॅट घातली नव्हती. संबंध जोडणं पूर्णपणे प्रेक्षकावर सोडलेलं. विदुराच्या बाबतीत टोपीने काम सोपं केलं, प्रेक्षकाचंही आणि सेन्सॉरचंही. बोट ठेवायला जागा मिळाली. माझं मत विचाराल तर कलाकृती म्हणून खाडिलकरांचा मार्ग वरचा. पण हेही आहे की वर्तमानपत्र न वाचणाऱ्या प्रेक्षकाला १९२१ मधे टोपी कळत होती. आणि टोपी स्वतःही नवीनच होती, जेमतेम दोनेक वर्षांची. इतक्या कमी दिवसांत एक कापडाचा तुकडा हस्तिनापुरात पोहोचला, ही त्या चळवळीची ताकद.

प्रभातवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १९३० मधे शांतारामांनी शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळावर मूकपट काढला, महाराजांची भूमिकाही स्वतःच केली. नाव ठेवलं 'स्वराज्याचे तोरण'. 'स्वराज्य' हा शब्द महाराजांच्या काळाचाच, पण डिसेंबर १९२९ मधे लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झालेला आणि मार्च-एप्रिलमधे गांधी दांडीला चालत गेलेले. सेन्सॉरने नाव पाडायला लावलं, चित्रपट 'उदयकाल' म्हणून आला. पाच वर्षांनी पुन्हा तेच. १९३५ मधे बालगंधर्वांना एकनाथ महाराजांच्या भूमिकेत घेऊन चित्रपट केला, नाव 'महात्मा'. पैठणचे सोळाव्या शतकातले संत, अस्पृश्याच्या घरी जेवायला बसणारे. गांधींचा हरिजन दौरा नुकताच, १९३४ मधे संपलेला. सेन्सॉर म्हणाले, नाव चालणार नाही. मग 'धर्मात्मा' झालं. म्हणजे एकनाथांना महात्मा म्हणायचं नाही, कारण ते विशेषण आता दुसऱ्या एका माणसाचं झालंय, हे सरकारनेच मान्य केलं. गांधींना एवढं मोठं प्रशस्तिपत्र सरकारने दुसरं कुठलं दिलं असेल असं वाटत नाही.

आणि हो, ह्या दोन्हींच्या मधे, १९३३ मधे, प्रभातने 'सैरंध्री' पुन्हा केली. तीच गोष्ट, तोच कीचक (ह्या वेळी मास्टर विनायक), तोच भीम. कर्झन १९२५ मधेच वारला होता, मवाळ पक्ष विस्मरणात गेला होता. ह्या वेळी कोणालाच कशात काही दिसलं नाही. चर्चा झाली ती रंगांची, कारण शांताराम हा चित्रपट रंगीत करायचा म्हणून प्रिंट काढायला थेट जर्मनीला घेऊन गेले होते. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि चित्रपट पडला.